रिकामे पाय

मराठी भाषेत चालण्याला शब्दांची वाण नाही. जेवणानंतर अन्न जिरावे म्हणून घालावयाची ती शतपावली. पुण्यासाठी देवाभोवती घालावयाची ती प्रदक्षिणा. पंढरीला पायी जावयाचे ती वारी. नर्मदेला वळसा घालून यावयाचे ती परिक्रमा. शत्रूवर चालून जावयाचे ती स्वारी. आणि पहारेकऱ्याने झोपलेल्या गावातून हिंडावयाचे ती गस्त. या साऱ्या शब्दांच्या पोटात चालण्याचे कारण आधीच बसलेले आहे. आता कारणावाचून चालणाऱ्या माणसासाठी भाषेने कोणते शब्द राखून ठेवले आहेत तेही पाहावे: भटकणे, उंडारणे, हुंदडणे, उनाडणे. यांपैकी एखादा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठी घातल्यावाचून कधी उच्चारला असेल, असे मला वाटत नाही. ‘हवा खाणे’ हा त्यातल्या त्यात सौम्य वाक्प्रचार. पण ‘जा, हवा खा’ असे आपण ज्याला म्हणतो त्याला त्यात हवेचे कौतुक मुळीच ऐकू येत नाही. राहता राहिला ‘फेरफटका’. तो बराच निरुपद्रवी खरा; तरी त्याच्या शेवटी फटका आहेच!

भाषेचा हा कल अकारण झाला असेल असे म्हणवत नाही. ज्या मुलखात पाण्याला, सरपणाला, बाजाराला, कचेरीला आणि लेकीच्या सासरी पायांनीच जावे लागे, तेथे पाय ही जपून खर्चावयाची वस्तू होती. चालणे हा छंद होऊ शकतो ही कल्पना, ज्यांना चालावे लागत नाही अशांनाच सुचावयाची. मी अशांपैकी एक आहे. आणि दरवर्षी वैशाखात चार-आठ दिवस सवड काढून मी राजूरला जातो, तो केवळ नदीकाठच्या एका पायवाटेने काही एक कारण नसताना चालण्यासाठी.

राजूर हे नगर – आता अहिल्यानगर – जिल्ह्याच्या पश्चिमेकडील अकोले तालुक्यातले बाजाराचे गाव. संगमनेराहून अकोल्यावरून मोटार भंडारदऱ्याकडे निघाली म्हणजे ते वाटेत लागते. बहुतेक प्रवासी येथे चहापुरते उतरतात, त्या मुलखात नावाजलेल्या राजूरच्या पेढ्यांचा एक पुडा घेतात, आणि धरण, रतनगड, कळसूबाई पाहण्याच्या घाईने पुढे निघून जातात. पाहण्यासारखे सारे पुढे आहे, ही या गावाची मला फार मोठी सोय वाटते. येथे कोणी मला ‘अमुक पाहिले का?’ असे विचारीत नाही. गावाबाहेर पडून उताराने खाली गेले म्हणजे प्रवरेचे पाणी लागते, आणि त्या पाण्याच्या कडेने, कधी त्याला बिलगून तर कधी त्याच्यापासून अंग चोरून, माझी पायवाट निघते. तिला नाव नाही, फलक नाही, मैलाचा दगड नाही.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. सकाळचे ऊन अजून कोवळे होते. मी खाली पाहत, थांबत, रेंगाळत चाललो होतो. समोरून दोन बैल पाण्यावर आणणारे एक म्हातारबाबा आले. त्यांनी मला दुरूनच न्याहाळले असावे, कारण जवळ येताच त्यांनी मोठ्या काळजीने विचारले, “काय हरवलं का, पाव्हणं?”

“नाही बाबा, काही नाही.”

“मंग काय हुडकता?”

“काही नाही. सहज चाललो आहे.”

“सहज,” बाबा म्हणाले. एखादे अनोळखी फळ चाखून पाहावे तसा तो शब्द त्यांनी तोंडात घोळविला. त्यांचा विश्वास बसला नाही, हे स्पष्ट दिसत होते. मी संकोचाने काही लपवीत आहे, अशीच त्यांची समजूत झाली. बैल पाण्याला लागले तसे ते माझ्याबरोबर वळले, आणि दहा-वीस पावले माझ्या शेजारून जमिनीकडे बारकाईने पाहत चालले. “चष्मा तर डोळ्यावर हाय,” ते स्वतःशीच म्हणाले. आणि शेवटी, “गावलं तर देवळापाशी ठिवतो,” असे मला आश्वासन देऊन बैलांकडे परतले. वस्तू कोणती हे दोघांनाही ठाऊक नसता तिचा शोध इतक्या सौजन्याने झालेला मी दुसरीकडे कोठेही पाहिलेला नाही.

त्या भेटीनंतर या वाटेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. येथे रिकामा असा मी एकटाच होतो. कोणी बाजाराला निघालेला, कोणी करवंदांची पाटी घेऊन आलेली, कोणी राब भाजून परतलेला. भाताची रोपे टाकण्यासाठी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तिचे काळे चौकोन त्या दिवसांत सगळ्या उतारांवर ठिगळांसारखे दिसतात. झाडांवरचे खंड्यादेखील कामात. इतकेच काय, जिच्या सोबतीने मी निरुद्योगीपणाचे सुख घ्यावयास आलो होतो, ती नदीही कामावरच होती!

नदीने नोकरी धरावी ही कल्पना कोणाला विचित्र वाटेल. पण प्रवरेच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावून सुमारे दोनशे किलोमीटर वाहिल्यावर नेवाशाच्या पुढे टोक्याजवळ ही नदी गोदावरीला मिळते. पूर्वीही ती अगदी रिकामी होती असे नव्हे. तिच्या काठी जोर्वे येथे १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांमागे येथे पेरणी-कापणी करून राहणाऱ्या लोकांची मडकी वर आली. त्या संस्कृतीला नावच मुळी जोर्वे असे पडले. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तीही हिच्याच काठी. मात्र त्या काळात ती घरच्या मोठ्या बाईसारखी कामे करी. अंगणात आलेल्याला पाणी देई, आषाढ-श्रावणात कोणाचे ऐकत नसे, आणि चैत्र-वैशाखात दमून पडे. कोणी तिचा हिशेब ठेवीत नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनेत दुष्काळावर दुष्काळ पडले, आणि सरकारची दृष्टी या नदीकडे गेली. घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांत वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाचसहाशे मिलिमीटरांनाही लोक तरसतात; तेव्हा इकडचे पाणी अडवून तिकडे न्यावे, हा विचार अगदी सरळ होता. १९१० साली भंडारदऱ्याला धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. ब्याऐंशी मीटर उंचीची ती दगडी भिंत त्या वेळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत गणली जाई. धरणाला विल्सन या गव्हर्नरसाहेबाचे आणि तलावाला आर्थर हिल या दुसऱ्या साहेबाचे नाव दिले गेले. लोकांनी दोन्ही नावे ऐकून घेतली आणि भंडारदरा म्हणावयाचे ते भंडारदराच म्हटले. तेथे सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी मावते. त्या वर्षापासून प्रवरा नोकरीत आहे.

तेव्हापासून तिला ऋतू उरले नाहीत; आवर्तने आली. ‘आवर्तन सुटले’ असे येथे म्हणतात, आणि मग शेजारच्या ओढ्यांची पात्रे वैशाखात उघडी पडली असताना प्रवरा खळाळत निघते. वरचे पाणी उतरता उतरता विजेचे कामही करून जाते. म्हणूनच रंध्याच्या ज्या कड्यावरून ती पावसाळ्यात गर्जत उडी टाकते, तेथे उन्हाळ्यात पुष्कळदा नुसता काळा पाषाण तापत पडलेला दिसतो. तिच्या पाण्याने खाली संगमनेरापलीकडे ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे वाहू लागले. ऊस आला. उसामागून साखर आली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. पुढे मराठवाड्याचा वाटाही ठरला. २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वाने तुटीच्या वर्षी येथून जायकवाडीलाही पाणी सोडावे लागते. एका नदीला किती मालक असावेत! आणि या सर्वांत काठावरच्या डोंगरातल्या माणसाने काय करावे? त्याने पाणी जाताना पाहावे. हे पाणी राजुराखालून निघून जाते आणि साखर होऊन पेढ्यांतून परत येते, असे मी एकदा एका दुकानदाराला गमतीने म्हटले. तो हसला नाही. “साखरेचे पैसे द्यावे लागतात,” तो म्हणाला.

पायवाटेकडे परत यावयास हवे. ही वाट माणसांनी पाडली असे मी प्रथम समजत होतो. पण तिची वळणे पाहिल्यावर ती गुरांनी आखली असावी अशी माझी खात्री झाली. माणूस घाईने सरळ चढावयास जातो आणि मध्येच धापा टाकीत उभा राहतो. गुरे तसे करीत नाहीत. ती उताराला आडवी जातात, समान उंची धरून चालतात, जांभळाच्या सावलीला हमखास वळसा घेतात. येथली गुरे डांगी जातीची. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, खूर काळे आणि गारगोटीसारखे कठीण, आणि कातडीतून असे काही तेलकट पाझरते की मुसळधार पाऊसही अंगावर ठरत नाही. राजूरला हिवाळ्यात या जनावरांचे प्रदर्शन भरते, आणि तेथे उत्तम ठरलेल्या वळूच्या धन्याच्या चेहऱ्यावर जे तेज चढते, ते विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातही क्वचितच दृष्टीस पडते. अशा जनावरांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवून केलेली वाट पायांखाली असली म्हणजे कोठे वळावे याचा विचार आपल्याला करावा लागत नाही, आणि डोके मोकळे राहते.

याच डोंगरांतल्या वाटांनी एका माणसाला चार वर्षे जिवंत ठेवले होते. राघोजी भांगरे जवळच्या देवगावचा. सावकारांनी कोळ्यांच्या जमिनी गिळल्या आणि सरकारने सावकारांची पाठ राखली, तेव्हा १८४४ च्या सुमारास त्याने बंड उभारले. त्याच्यामागे फौज लागली, बक्षिसे लागली. पण कोणती वाट कोठे खिंडीत लुप्त होते आणि कोठे पुन्हा उमटते, हे फौजेला ठाऊक नव्हते. १८४८ च्या आरंभी तो सापडला तो या डोंगरांत नव्हे, दूर पंढरपूरला; आणि त्या वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले. उन्हाळ्याचेच ते दिवस. ज्या वळणावर मी पाणी पाहत बसतो, तेथे बसावयास त्याला सवड झाली असती असे वाटत नाही. वाट तीच असली तरी तिच्यावरून चालणाऱ्यांची चाल किती निराळी असते! मात्र माझ्या चालीची मला म्हणून लाज वाटत नाही. ज्याला मागे पाहत पळावे लागले, त्यानेही पुढच्यांना कधीतरी सावकाश चालता यावे एवढ्याचसाठी बंड केले असले पाहिजे.

रिकाम्या माणसाची बाजू मांडावयाची तर गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. पाण्याच्या कडेला तीन बायका मोळ्या टेकवून बसल्या होत्या. पावसाळ्यापूर्वी सरपण घरात पडले पाहिजे, म्हणून या दिवसांत डोंगरातून अशा मोळ्या सारख्या उतरत असतात. एकीने काठाजवळच्या रेतीत हातभर खड्डा – त्याला झिरा म्हणतात – उकरला होता. दोन हातांवर एवढे थोरले पाणी पसरले असताना त्या झिऱ्यात साचणारे ओंजळ-ओंजळ पाणी त्या पीत होत्या, कारण रेतीतून गाळून येते ते गोड. तेवढेच काय ते पाणी, मला वाटते, कोणाच्या हिशेबात धरलेले नसावे. पाणी पिऊन त्या उठल्या. दोघींनी मिळून एकीच्या डोक्यावर मोळी चढविली, तिने कशीबशी मान सावरीत दुसरीला हात दिला. आणि उरलेल्या तिसरीला चढवावयास कोणी उरले नाही. ती चुंबळ डोक्यावर ठेवून माझ्याकडे वळली.

“भाऊ, हात लावा जरा.”

मी हात लावला. मोळीचे वजन माझ्या कल्पनेच्या दुपटीने होते. ती डोक्यावर बसताच बाईची मान क्षणभर आत गेली, मग ताठ झाली, आणि तिघी एकीमागून एक चढाला लागल्या. कोणी आभार मानले नाहीत, मानावयाचे कारणही नव्हते. पण जाता जाता एकीने दुसरीला, “कोण गं ह्यो?” असे विचारलेले मला ऐकू आले, आणि उत्तर आले, “आसंल कुनी. हितंच आसतो.”

‘इथेच असतो’! माझ्या रिकामपणाची याहून मोठी नोंद आजवर कोणी घेतलेली नाही. जो कामाला निघाला आहे त्याचे हात कामाला आधीच दिलेले असतात. तिसऱ्या मोळीला हात लावण्यासाठी वाटेवर कोणीतरी, कोठेही जावयाचे नसलेले, असावे लागते. गावात पूर्वी अशी माणसे असत. पारावर बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करीत, हरवलेले जनावर कोणत्या अंगाला गेले ते सांगत. त्यांना आपण रिकामटेकडे म्हणून हिणविले, आणि आता ते पार ओस पडले आहेत.

या वर्षी गेलो तेव्हा पाणी बरेच खाली उतरलेले होते. येथे एक खुलासा करावयास हवा. राजुराजवळ मी ज्याला नदीकाठ म्हणतो, तो आता खरे पाहता तलावाचा काठ आहे. खाली निळवंड्याला प्रवरेवर दुसरे धरण झाले. त्याची योजना १९७० सालची. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. त्रेपन्न वर्षे दुष्काळी गावांतल्या लोकांनी त्या पाण्याची वाट पाहिली. पाचपंचवीस नव्हे, १८२ गावांच्या शिवारांसाठी ते पाणी आहे, आणि ज्यांच्या दोन पिढ्या टँकरची वाट पाहण्यात गेल्या त्यांना ते मिळू नये असे कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. परंतु आठ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी अडले म्हणजे ते कोठेतरी बसतेच. आणि ते जेथे बसले तेथे भाताची खाचरे होती, आंब्याची झाडे होती, घरे होती, आणि जुनी पायवाट होती. मी चालतो ती वाट वरची, नवी. पाणी वर सरकले तशी गुरांनी दुसरी आखून घेतली. गुरांना त्याला त्रेपन्न वर्षे लागली नाहीत.

संध्याकाळी पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या चिखलात, एक दहा-बारा वर्षांचा मुलगा काटक्या रोवीत बसला होता. त्याच्या मागे काठाकडे अशाच आणखी काटक्यांची एक ओळ होती. दोन काटक्यांमध्ये कोठे एक हात अंतर, कोठे दोन. तो रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या कडेला एक काटकी रोवतो, असे त्याने मला सांगितले. आवर्तन सुरू होते. सकाळपासून पाणी एक हात मागे सरले होते.

“कशासाठी रे?” मी विचारले. हा प्रश्न मला ज्या सुरात विचारला जातो, नेमका त्याच सुरात तो माझ्या तोंडून निघाला.

त्याने बोट केले. काठापासून काही अंतरावर पाण्याबाहेर एका वाळलेल्या झाडाचा शेंडा आला होता; त्यावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. “त्यो आमचा आंबा. आज्यानं लावल्याला. त्याच्या अंगाला वाट हाय, आमच्या वावरातून खाली जायाची. आजा सांगतो. म्या नाय बगितली.” मग त्याने उरलेल्या काटक्या मोजल्या आणि पाण्याकडे डोळे बारीक करून पाहिले.

“आठ दिसांनी या,” तो म्हणाला. “वाट निगंल. आज्याला घेऊन येनार हाय मी. त्येला चालायचंय तिच्यावरनं.”

“कुठे जायचे आहे आजोबांना?”

“कुठं न्हाई,” मुलगा म्हणाला. “नुसतं.”